गेमच्या कंपनीत चार वर्षं आणि त्यानंतरची सोळा

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वय २४, कॉम्प्युटर इंजिनियर, दोन वर्षं पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत सपोर्ट प्रोजेक्टवर. दिवसा टिकेटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, बंद करायची, रात्री गेम खेळायचे. तुला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: गेम खेळून प्रोग्रामिंग सुधारतं का, ही नोकरी सोडून गेम डेव्हलपमेंटमध्ये शिरावं का, आणि आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर सुरुवात कशाने करावी. शिवाय बाबा म्हणतात, "गेम खेळून कुणाचं पोट भरलंय?" तेही घेऊ. आणि 'मॅडम' नको, ताई चालेल.

माझं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. मी इचलकरंजीची. घरात चार यंत्रमाग. नव्वदच्या दशकात गावात व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली, पण तिथे मुली जात नसत. गेले असते तर मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. आमचं खेळणं मावसभावाकडे, टीव्हीला जोडायच्या त्या चिनी डब्यावर. कॅसेटवर '९९९९ गेम' असं छापलेलं आणि आत पंधरा-वीसच, तेच ते नाव बदलून. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. 'कॉन्ट्रा' या गेममध्ये तीस जीव मिळवायची किल्ली, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, ही आम्हाला सतराच्या पाढ्याआधी पाठ होती. पुष्कळ वर्षांनी कळलं की ती मुळात टेस्टिंगची सोय होती. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली 'ग्रेडियस' हा गेम घरगुती कन्सोलवर आणत होते. तपासायचा तर खेळायला हवा, आणि खेळायला गेलं तर त्यांनाच तो झेपेना. म्हणून सगळी शस्त्रं एकदम देणारी किल्ली त्यांनी घालून ठेवली, आणि ती विकायच्या कॅसेटीत तशीच राहून गेली. आज टीममधल्या नव्या पोरांना मी 'टेस्टरसाठी एखादी चोरवाट ठेवा' म्हणते, ती अक्कल हाशिमोतोंची.

२००३ साली इंजिनियरिंग झालं, दोन वर्षं एका कंपनीत जावा शिकले आणि २००५ मध्ये पुण्यातल्या एका छोट्या मोबाइल गेम कंपनीत लागले. आता ती कंपनी नाही. आयफोन यायला अजून दोन वर्षं होती. गेम चालायचे नोकिया, सोनी एरिक्सन, मोटोरोलाच्या साध्या फोनांवर. आमचं मुख्य काम पोर्टिंग: कुणीतरी एका फोनसाठी बनवलेला गेम शंभर-सव्वाशे मॉडेलांवर चालता करून द्यायचा. कुणाचा पडदा १२८ बाय १२८, कुणाचा १७६ बाय २०८, कुणाचा २४० बाय ३२०. डावं बटण दाबलं की नोकिया 'उणे सहा' सांगणार, मोटोरोला 'उणे एकवीस'. टेबलावर चार्जरच्या वायरींचा गुंता आणि खणात फोनच फोन, प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या पट्टीत त्याचा आजार लिहिलेला: 'आवाज लावला की अडकतो', 'कॉल आला की गेम मरतो'.

ऐकायला ग्लॅमर, पण काम बघशील तर तुझ्या सपोर्ट प्रोजेक्टसारखंच होतं. दुसऱ्याचा कोड, तिसऱ्याची तक्रार, आपली रात्र.

तरीही ती चार वर्षं मला पुढे जन्मभर पुरली. नोकियाच्या सीरीज ४० मधल्या बऱ्याच फोनांवर अख्खा गेम ६४ केबीत बसवावा लागे; चित्रं, आवाज, कोड, सगळं मिळून. एका गेमचं माप ६७ केबीवर अडलं होतं. चित्रांच्या ३८ वेगवेगळ्या पीएनजी फाइली होत्या. प्रत्येक पीएनजीला चित्र सोडून स्वतःचा असा थोडा बोजा असतो: सुरुवातीची खूण, मापं, रंगांची यादी, शेवटची खूण. वर जार फाइलमध्ये, म्हणजे अख्खा गेम बांधलेल्या गाठोड्यात, तिची नोंद दोनदा होते. सगळी चित्रं एका लांब पट्टीत चिकटवली आणि काढताना हव्या त्या चौकोनापुरतीच काढली. साडेपाच केबी सुटले, एकही पिक्सेल न गमावता. कॉलेजात शिकवतात की प्रत्येक वस्तूचा वेगळा क्लास, म्हणजे कोडचा वेगळा कप्पा, लिहा. आम्ही सगळा गेम तीन क्लासांत कोंबत होतो, कारण क्लास वाढला की फाइल फुगते. तो कोड वाचायला भयंकर होता, आणि आज तसा कुणी लिहिला तर मी रिव्ह्यूत परत पाठवीन. पण काय गमावतोय आणि बदल्यात किती बाइट मिळताहेत, हे आम्हाला आकड्यानिशी माहीत असे. 'मला वाटतं हे फास्ट आहे' हे वाक्य त्या खोलीत चालत नसे.

आता जे सांगते त्यावर नव्या मुलांचा विश्वास बसत नाही. त्या फोनांत दशांश अपूर्णांक नव्हते. जावाच्या पहिल्या मोबाइल आवृत्तीत फ्लोट हा प्रकारच दिलेला नव्हता. मग चेंडू दीड पिक्सेल सरकवायचा कसा? सगळे आकडे २५६ ने गुणून ठेवायचे. दीड म्हणजे ३८४. बेरीज-वजाबाकी त्याच पूर्णांकांत करायची आणि पडद्यावर काढायच्या क्षणी २५६ ने भागायचं. पहिला आठवडा डोकं दुखलं, मग सवय झाली.

२००९ मध्ये मी ते क्षेत्र सोडलं आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आले. पहिल्याच महिन्यात तक्रार: महिनाअखेरच्या बेरजेत तीन-चार पैशांचा फरक पडतो, कधी पडतो, कधी नाही. रकमा फ्लोटमध्ये ठेवलेल्या होत्या. फ्लोट आतून दोनाच्या घातांत लिहिलेला असतो, आणि दहा पैसे, म्हणजे ०.१ रुपया, त्या लिपीत नेमका लिहिताच येत नाही. आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरा लिहिता येत नाही तसंच. म्हणून कुठल्याही प्रोग्रामिंग भाषेत ०.१ आणि ०.२ मिळव, बहुतेक ठिकाणी उत्तर ०.३०००००००००००००००४ येईल. मी म्हटलं, रुपये ठेवूच नका, पैसे ठेवा. १२५ रुपये ५० पैसे म्हणजे १२५५०, पूर्णांक. छापताना शंभराने भागा. सीनियरने विचारलं, हे कुठे शिकलीस? 'क्रिकेटच्या गेममध्ये' म्हटल्यावर त्याला मी थट्टा करतेय असं वाटलं.

तो क्रिकेटचा गेम खराच होता, आणि त्यातला एक घोटाळा तुला सविस्तर सांगते, कारण तुझ्या पहिल्या गेममध्ये तो येणार आहे. मूळ कोडमध्ये चेंडू दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर काढलेल्या दर नव्या चित्राला, ठरावीक पिक्सेल सरकायचा. परिणाम असा, की धीम्या फोनवर वेगवान गोलंदाज फिरकी टाकायचा आणि चलाख फोनवर तोच चेंडू दिसायच्या आत यष्टीवर. (४८६ च्या काळातल्या कॉम्प्युटरांवर 'टर्बो' नावाचं बटण असे. तेही याच दुखण्यावरचं औषध होतं: जुने गेम प्रोसेसरच्या वेगावर चालत, म्हणून नव्या मशीनला मुद्दाम हळू करायची सोय.) आमच्यातल्या एकाने ते नीट केलं. मागच्या फ्रेमपासून किती मिलिसेकंद गेले ते मोजायचं आणि तेवढंच चेंडूला सरकवायचं. सगळ्या फोनांवर चेंडू सेकंदाला १२० पिक्सेल. चहा झाला, वडापाव झाला, तयार गेम (बिल्ड) टेस्टिंगला गेला.

दुसऱ्या दिवशी टेस्टर मुलगी एक फोन घेऊन आली. म्हणाली, "यात बॅट फिरवली तरी माणूस बोल्ड होतो. पण दर वेळी नाही." आम्ही खेळलो, आमचा काही होईना. तिने आमच्यासमोर खेळून सहाव्या चेंडूला दांडी उडवून दाखवली. अर्धा दिवस लॉग काढण्यात गेला आणि मग कुणीतरी कागदावर मांडलं. आमच्या फोनवर सेकंदाला १५ फ्रेम, म्हणजे चेंडू एका फ्रेमला ८ पिक्सेल सरकतो. तिचा फोन जेमतेम ८ फ्रेमचा. तिथे एका फ्रेमला १५ पिक्सेल. बॅटचा पट्टा ८ पिक्सेल, चेंडू ३ पिक्सेलचा, मिळून ११. चेंडूची उडी १५ ची आणि अडवायला जागा ११ ची. एका फ्रेमला चेंडू बॅटच्या वर, पुढच्या फ्रेमला बॅटच्या खाली. मध्ये तो कधी नव्हताच! कॉम्प्युटरच्या दृष्टीने टक्कर झाली नाही, आणि कॉम्प्युटरचं म्हणणं खरं होतं. दर वेळी होत नसे, कारण चेंडूची सुरुवातीची जागा थोडी वरखाली झाली की एखादी फ्रेम नेमकी बॅटवर पडे. उपाय सोपा निघाला: मागची जागा आणि आत्ताची जागा यांना जोडणारी रेघ घ्यायची आणि ती बॅटला छेदते का ते बघायचं.

यानंतर सर्व्हरवरच्या कामात मी हेच दुखणं किती वेळा पाहिलंय. दर पाच मिनिटांनी तपासणी करणारा मॉनिटर नावाचा प्रोग्राम आणि तीन मिनिटांत पडून परत उठणारी सर्व्हिस. मॉनिटर म्हणतो सगळं ठीक, ग्राहक म्हणतो पैसे अडकले. बॅटमधून चेंडू गेला, बाकी काही नाही. तुझ्या टिकेटांत 'रिप्रोड्यूस होत नाही', म्हणजे चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, असा शेरा मारून बंद केलेली किती असतील, त्यातली दोन-तीन या नजरेने उघडून बघ.

आता पहिला प्रश्न. नुसतं खेळून प्रोग्रामिंग सुधारत नाही. हॉटेलात जेवून स्वयंपाक येत नाही तसंच. २०१२ च्या सुमाराला मला 'सिव्हिलायझेशन' या गेमचं वेड लागलं होतं, 'एकच टर्न' म्हणत पहाटेचे तीन व्हायचे, आणि त्या काळात मी लिहिलेला कोड पुढे मलाच दुरुस्त करावा लागला. खेळणं ही विश्रांती आहे, तेवढं मानलं की अपराधीही वाटत नाही आणि अभ्यास केल्याचा आवही आणावा लागत नाही.

फायदा होतो तो खेळता खेळता थांबून 'हे असं का होतंय' विचारल्यावर. १९७८ चा 'स्पेस इनव्हेडर्स' घे. तोमोहिरो निशिकादो यांनी तो ताइतो कंपनीसाठी केला. पडद्यावर ५५ परग्रहवासी, ५ आडव्या ओळी, ११ उभ्या रांगा. जसजसे मरत जातात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो आणि खेळणाऱ्याच्या तळव्यांना घाम फुटतो. वेग वाढवण्याचा विचार आधी कुणी केलेला नव्हता. त्या प्रोसेसरला एका फ्रेममध्ये एकच परग्रहवासी सरकवणं परवडत होतं. ५५ असताना सगळ्यांची एक फेरी व्हायला जवळपास सेकंद लागे. पाचच उरले की तीच फेरी सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात. मर्यादेतून निघालेली गंमत निशिकादोंनी ओळखली आणि ठेवून दिली. 'सुपर मारिओ'तले ढग आणि झुडपं नीट बघ, आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा. १९८५ चा तो अख्खा गेम ४० केबीचा. 'पॅक-मॅन'च्या २५६ व्या पातळीला पडद्याचा उजवा अर्धा भाग कचऱ्याने भरतो, कारण पातळीचा आकडा आठ बिटांत ठेवलेला आणि आठ बिटांत २५५ च्या पुढे शून्य येतो. फळं काढणारा कोड त्या शून्याने गोंधळतो आणि मोजकी फळं काढायच्या ऐवजी २५६ काढायला निघतो.

गेम हे एकच असं सॉफ्टवेअर आहे जिथे साध्या खेळणाऱ्यालाही मशीनची मर्यादा डोळ्यांनी दिसते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद, त्यात बटण वाचायचं, सगळं हलवायचं, टकरा तपासायच्या, चित्र काढायचं. चुकलं की लगेच धक्का जाणवतो. बिलिंगच्या रिपोर्टला चार तास लागले तर कुणाला धक्का जाणवत नाही. सगळे म्हणतात, 'तो रात्रीच चालतो ना, चालू दे.'

आमच्याकडे असा एक रिपोर्ट होता. डेटा वाढला की मॅनेजर मोठा सर्व्हर मागायचे. मी उघडून पाहिलं. ४० हजार नोंदी. प्रत्येक नवी नोंद यादीत घालण्याआधी ती आधीपासून आहे का, हे यादी पहिल्यापासून चाळून बघत होते. ४० हजारांचा वर्ग, भागिले दोन, म्हणजे ८० कोटी तुलना, आणि प्रत्येक तुलनेत लांबलचक अक्षरांची जुळवाजुळव. यादीच्या जागी हॅश टेबल ठेवलं, म्हणजे नोंद आहे की नाही ते सगळं न चाळता थेट सांगणारी रचना. चार तासांची अकरा मिनिटं झाली. मी काही हुशारी केली नाही. सहा वर्षांत कुणी घड्याळ लावून बघितलं नव्हतं, एवढंच.

मोठ्या कंपनीत हे होत नाही असं समजू नकोस. 'जीटीए ऑनलाइन' २०१३ पासून चालू आहे आणि पीसीवर सुरू व्हायला कित्येक मिनिटं घ्यायचा. लोक म्हणत, मोठा गेम आहे, लागणारच वेळ. २०२१ च्या फेब्रुवारीत बाहेरच्या एका हौशी प्रोग्रामरने, सोर्स कोड हातात नसताना, प्रोफायलर, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन, लावून पाहिलं. १० एमबीची एक मजकुराची फाइल वाचली जात होती आणि तिच्यातला प्रत्येक तुकडा उचलताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी शेवटपर्यंत पुन्हा मोजली जात होती. म्हणजे पुस्तकातला एक शब्द वाचायचा, मग उरलेली पानं शेवटपर्यंत मोजायची, मग पुढचा शब्द, परत मोजणी. त्यापुढे माझ्या रिपोर्टासारखीच यादी: ६३ हजार नोंदी आणि दर नोंदीला पहिल्यापासून चाळणी, जवळपास १९८ कोटी तपासण्या. दोन्ही दुरुस्त केल्यावर त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचा वेळ १ मिनिट ५० सेकंदांवर आला. तो गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीने चूक मान्य करून पुढच्या महिन्यात ती दुरुस्ती गेममध्ये घातली आणि त्याला १० हजार डॉलर दिले. जगातले पट्टीचे प्रोग्रामर जिथे काम करतात तिथे कित्येक वर्षं हे पडून होतं. तुझ्या प्रोजेक्टमध्ये असं काही नसेल असं मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न नोकरी सोडण्याचा. सोडू नकोस, निदान आत्ता नको. कारणं प्रॅक्टिकल आहेत.

पगार कमी मिळतो, तो 'तुझ्या आवडीचं काम आहे ना' म्हणून. आमच्याकडे दिवाळीच्या आधी गेम मोबाइल ऑपरेटरच्या पोर्टलवर चढला पाहिजे असा दंडक असे, आणि नरकचतुर्दशीची पहाट मी दोन वर्षं ऑफिसात काढली आहे. उटणं नाही, फराळ नाही, सोनी एरिक्सनचा मेमरी लीक, म्हणजे मेमरी हळूहळू खात जाणारी चूक. तेव्हा मजा वाटली, हेही खरं. पुढे जोडीदार आणि लेक आल्यावर ती मजा परवडेना. हे फक्त आपल्याकडे असंही नाही. १९८२ साली अटारीला 'ई.टी.'चा गेम नाताळच्या बाजारात हवा होता म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरला पाचच आठवडे मिळाले. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरल्या, त्यातल्या काही २०१४ मध्ये उकरून काढल्या. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका इंजिनियरच्या होणाऱ्या बायकोने तिथल्या बिनपगारी जादा तासांबद्दल निनावी पत्र लिहिलं, ते जगभर फिरलं, आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यांत कंपनीला कोट्यवधी डॉलरची तडजोड करावी लागली.

काम मात्र आहे, पुण्यातच आहे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, 'इंडस' हा गेम काढणारी सुपरगेमिंग आहे, आणि २०२० मध्ये 'राजी' काढणारी नॉडिंग हेड्स ही पुण्याचीच. तो गेम आधी बघ. इथल्या लहान टीमला काय जमतं याचा अंदाज येईल. पण जमीन भुसभुशीत आहे, हे धरून चाल. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा गेम नव्याने करायचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या टीमकडे असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये ते त्यांच्याच कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं. २०२४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने गेम विभागातून १९०० माणसं एकदम कमी केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, त्याबरोबर रमी-पोकरवाल्या ॲपवर काम करणाऱ्यांच्या पायाखालची सतरंजी गेली. ती ॲपं बंद झाल्याचं मला काडीचं दुःख नाही. पण तिथल्या सर्व्हरवाल्या पोरांनी नोकरी घेताना 'गेमिंग कंपनी' एवढंच वाचलं होतं. ऑफर आली तर कंपनीचे पैसे कुठून येतात, हे पगाराआधी विचार.

बाबांच्या वाक्याला उत्तर वादाने देऊ नकोस. माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "फोनात क्रिकेट खेळायचं, त्याचा पगार देतात?" मी सुटीत घरी गेल्यावर त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी दोन षटकं खेळली, शून्यावर तीनदा बाद झाले, आणि मग म्हणाले, "चेंडू कुठे टप्पा खाणार ते आधीच ठरलेलं असतं का गं?" मी म्हटलं, आम्ही सुरुवातीला एक आकडा देतो, त्या आकड्यापासून पुढचे सगळे चेंडू ठरतात, तोच आकडा दिला तर तीच षटकं परत. त्यांनी मान डोलावली. "डॉबीसारखं." मागावरच्या नक्षीचं ते यंत्र, पट्ट्यांवरच्या खुंट्या ठरवतात कुठला धागा वर जाणार. मी चार वर्षं इंजिनियरिंग करून जे समजावून सांगू शकले नव्हते ते त्यांनी एका शब्दात घेतलं. हाच माणूस खाटेवर पडल्या पडल्या आवाजावरून सांगायचा, तिसऱ्या मागाचा धोटा अडकलाय. सपोर्टमध्ये दोन वर्षं काढलेल्या माणसाला आपली सिस्टिम इतपत ओळखीची व्हायला हवी. तुझी झाली आहे का, हे मात्र तूच सांगू शकशील.

तेव्हा नोकरी ठेव, आणि संध्याकाळी एक तास, शनिवारी तीन तास, असा वेळ काढून एक गेम बनव. इतका लहान की सांगायला लाज वाटेल. एका भिंतीवर चेंडू टोलवायचा 'पाँग' चालेल. १९७२ चा मूळ पाँग अटारीत नव्याने लागलेल्या ॲलन अल्कॉर्न या इंजिनियरला हात बसावा म्हणून दिलेलं सरावाचं काम होतं, त्यामुळे परंपरा चांगली आहे. अट एकच: पुरा करायचा. चेंडू उडू लागला की दहा टक्के काम झालं. मेनू, पॉज, आवाज बंद करायचं बटण, खिडकीचा आकार बदलल्यावर काय होतं, मध्येच लॅपटॉप झोपला तर काय, सर्वाधिक गुण कुठे साठवायचे, हे उरलेलं नव्वद. ते करताना कंटाळून सोडून दिलंस तर तुला गेम खेळायला आवडतात, आणि त्यात काही वाईट नाही. करताना रात्रीचे साडेअकरा कधी वाजले कळलं नाही, तर मला परत लिही, मग नोकरीचं बोलू.

लॅपटॉप आठ जीबीचा पुरेल. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर घे. ते फुकट आहे, २०१४ पासून ओपन सोर्स आहे, त्याची भाषा पायथनसारखी आहे, आणि टूडी गेमला वेगळं ग्राफिक्स कार्ड मागत नाही. युनिटी हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वाईट नाही, पुण्यातल्या नोकऱ्यांत ते पुष्कळ विचारतातही, पण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी दर इन्स्टॉलमागे शुल्क लावायची घोषणा केली, जगभरचे छोटे स्टुडिओ बिथरले, आणि वर्षभराने ती मागे घेतली. शिकताना असल्या भानगडी कशाला.

पाँग चालू लागला की चेंडूचा वेग दर टोल्याला थोडा थोडा वाढवत ने. गोडो हालचालीचा हिशेब सेकंदाला ६० वेळा करतो. तुझी बॅट १६ पिक्सेल जाडीची आणि चेंडू ८ चा असेल, तर अडवायला जागा २४ पिक्सेल. चेंडूची जागा तू स्वतः सरकवत असशील, तर सेकंदाला १४४० पिक्सेलच्या पुढे गेलास की तो कधीतरी बॅटमधून आरपार जाईल, आणि दर वेळी जाणार नाही. त्यावर गोडोत तयार सोयी आहेत, शोधशील तर सापडतील. पण आधी कागद घे आणि दोन फ्रेममधली ती रेघ हाताने काढून बघ.